वजनपेटीतला चिमटा

अप्पा, आधी एक चूक दुरुस्त करते. कंपनीला दिलेल्या लेखी खुलाशात मी असं लिहिलं आहे की, ‘सदर चिमटा मी पनवेलमधील दुकानातून स्वतः विकत घेतला आहे.’ ते खरं नाही. तो तुम्ही मला दिलात, आपल्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभं राहून, मी आठवीत असताना. बाकीचा खुलासा पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत खरा आहे. दोन पानं आहेत. त्यांची झेरॉक्स मी इतक्या वेळा वाचली आहे की मजकूर पाठ झाला आहे, तरी दर वेळी त्या ओळीपाशी आले की माझे कान गरम होतात. दोन पानांत एकच ओळ खोटी होती आणि त्यांनी नेमकी तीच धरली.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगायला हवं. मी केमिस्ट्रीच घेतली. एमएस्सी झाले आणि चार वर्षांपूर्वी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत, मालाची शुद्धता तपासणाऱ्या लॅबमध्ये लागले. तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये ज्यांची धूळ पुसायचात तसे काचेच्या पेटीतले दोन पारड्यांचे काटे आता नसतात. आकडा आपोआप पडद्यावर येतो. तरी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी एक प्रमाणित वजन ठेवून काटा तपासावा लागतो, आणि त्या वजनाला बोट लावायचं नसतं, बोटाचा तेलकटपणा वजनात येतो. हे कंपनीने शिकवण्याच्या कितीतरी आधी तुम्ही शिकवलं होतंत. लॅबचा चिमटा होता, पण माझा हात तुमच्या पितळी चिमट्याला सरावलेला. म्हणून मी तो रोज नेत असे आणि रोज घरी आणत असे, कारण वस्तू माझी होती. फाटकावर बायकांच्या पर्स बघणारी बाई तो रोज पाहायची. एकदा तिने विचारलं होतं, "भुवयांचा हाय ना गं?" आणि मी हसून मान हलवली होती. खरं तर तेव्हाच तिला नीट सांगून स्वतःच्या वस्तूंच्या वहीत नोंद करून घ्यायला हवी होती. दर सोमवारी मनात यायचं आणि बसमधून उतरून पंच करायच्या घाईत राहून जायचं.

आता त्या भांड्याबद्दल. आमच्या लॅबमध्ये प्लॅटिनमची एक मूस आहे, नैवेद्याच्या वाटीएवढी. आम्ही तिला क्रुसिबल म्हणतो. त्यात नमुना जाळायचा आणि मागे राख किती उरते ते तोलायचं. तुमच्या कॉलेजात चिनी मातीच्या मुशी होत्या, प्लॅटिनमचं तुम्ही नुसतं ऐकलं होतंत. मला सांगायचात, "कितीही तापवा, काळं पडत नाही म्हणे ते." खरंच पडत नाही, अप्पा. पहिल्यांदा ते भट्टीतून बाहेर काढलं तेव्हा मला तुम्हाला दाखवावंसं वाटलं होतं. ते कुलपाच्या कपाटात असतं, किल्ली लॅबच्या सरांकडे. नेताना वजन करून वहीत लिहायचं आणि सही करायची. आणून देताना पुन्हा वजन, आणि या वेळी सही सरांची.

तो शुक्रवार मी रोज पाहते. सव्वापाच झालेत. साडेपाचला बस सुटते. मी क्रुसिबल तोलून, वजन लिहून, वही आणि ते असं दोन्ही घेऊन सरांच्या केबिनच्या दाराशी उभी आहे. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला यायची आहेत, टेबलावर फायलींचा ढीग आहे, सर फोनवर आहेत. ते माझ्याकडे न बघता म्हणतात, "ठेव, ठेव तिथे. मी टाकतो आत." मी हळूच म्हणते, "सर, सही?" ते फोनवर हात ठेवून म्हणतात, "अगं, सोमवारी करतो. पळून जातोय का मी?" मी क्रुसिबल टेबलाच्या कोपऱ्यावर, टिपकागदावर ठेवते आणि वही रॅकमध्ये. आणि निघते. घरातून निघताना गॅसचं बटण बघायला जिन्यावरून तीनदा वर जाणारी मी त्या दिवशी एकदाही मागे वळत नाही. बस मिळते. खिडकीची जागासुद्धा मिळते.

सोमवारी कपाट उघडलं तर क्रुसिबल नव्हतं. वहीत माझी नेल्याची सही होती, आणल्याची सरांची नव्हती. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हिने माझ्या हातात दिल्याचं मला आठवत नाही." आणि मी काय केलं असेल? मी म्हणाले, "सर बरोबर सांगतायत. हातात नाही दिलं, टेबलावर ठेवलं." एचआरच्या मॅडमनी ते लिहून घेतलं. त्या माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. त्यांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं, "हातात दिलेले नाही हे कबूल." पुढचं टेबलाचं वाक्य त्यात नव्हतं. मी ते घालायला सांगितलं. "हो हो, ते येईल," त्या म्हणाल्या. सर खोटं बोलले असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्यांनी मला भट्टीचं दार कसं उघडायचं ते शिकवलं, त्यांच्याबद्दल मी एवढंच म्हणू शकते की त्यांनी आठवायचा प्रयत्न फार केला नाही.

त्या संध्याकाळी फाटकावर सगळ्यांच्या बॅगा उलट्या केल्या. माझ्या बॅगेतून डबा, छत्री, दम्याचा पंप आणि रुमालात गुंडाळलेला चिमटा निघाला. झडतीची बाई पटकन म्हणाली, "तो तिचा रोजचाच हाय, मॅडम." मॅडमनी तो उचलला. "हे लॅबचं इक्विपमेंट ना? कुणाचं आहे?" माझं, मी म्हणाले. "कुठून आणलंस?" अप्पा, त्या चिमट्याच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेलं ‘रसा. ४१७’ मी आठवीपासून वाचत आले होते. ते त्याच्या अंगावरचा तीळ असावा तसं होतं, त्याचा कधी अर्थ लावावा लागला नव्हता. तो त्या क्षणी लागला. कॉलेजचा रसायन विभाग, चारशे सतरावी वस्तू. आणि माझे वडील त्या विभागात लॅब अटेंडंट. मी खरं सांगितलं तर पुढे काय म्हणतील ते मला त्यांच्या तोंडून ऐकू आलंच, अजून कुणी काही बोललेलं नसताना. म्हणून मी म्हणाले, "विकत घेतला." आवाज अगदी साधा निघाला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला आणि मी तो लिहून दिला. दुपारी मला आत बोलावलं तेव्हा चिमटा मॅडमच्या टेबलावर होता, शेजारी भिंग आणि वडिलांचं काम लिहिलेला माझा नोकरीचा अर्ज. "दुकानदार कॉलेजचा नंबर घालून देतो का?" त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण आत हवाच नव्हती. पंप बॅगेत, बॅग बाहेर. मॅडम सावकाश, समजुतीच्या सुरात बोलत होत्या, "हे बघ, एक छोटी वस्तू तू अशी आणू शकतेस, तर मोठी का नाही? असं मॅनेजमेंट म्हणणार. आम्ही पोलीस कम्प्लेंट करत नाहीये. मुलगी आहेस, पुढे लग्न आहे, करिअर आहे. थँकफुल राहा." सर खिडकीतून बाहेर बघत होते. सेवा समाप्त केल्याचं पत्र आधीच छापून तयार होतं. मी सही केली, खाली तारीख घातली, आणि माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं ते दुरुस्त करून तिथेही सही केली. निघताना मॅडमनी चिमटा माझ्यापुढे सरकवला. "हे घेऊन जा. ज्यांचं आहे त्यांना परत कर."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मला सलग आठवत नाहीत. मी सहाला उठत होते, आंघोळ करत होते, डबा भरत होते. मग आई डब्याचं झाकण काढून म्हणायची, "इथेच खा." एकदा मी खरंच स्टँडपर्यंत गेले. कंपनीची बस आली, थांबली, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं आणि दार न उघडताच निघून गेला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. तळोज्याची दुनिया लहान आहे. दुसऱ्या एका लॅबमध्ये मुलाखत झाली, साहेब खूश होते, चहा आला, आणि जुन्या कंपनीत फोन केल्यावर त्यांचा पुढचा फोन आलाच नाही. मी चोरी केलेली नाही हे मला माहीत होतं. तरी घरात बसून मी शोधायची. ॲप्रनचे खिसे उलटे केले. पलंगाखाली बॅटरी मारून पाहिलं. दळणाच्या डब्यात हात घातला. आई म्हणाली, "काय हरवलंय?" आणि मला सांगता येईना.

आणि मग शोधता शोधता हात माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला लागला. त्यात माझे गोल कागद आहेत, तुम्हाला आठवत असतील. दम्यामुळे मला दुसरीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. तीच माझी शाळा, सकाळी तुम्ही कॉलेजला जाण्याआधीचा एक तास, ओट्यावर. करवंट्यांचा तराजू, चिंचोक्यांची वजनं. जास्वंद चुरगाळून रंगवलेल्या कागदावर लिंबू पिळलं की तो लाल, साबणाचं पाणी लावलं की हिरवा. आणि अक्षरं काढायला कॉलेजातले गाळणकागद, ताटलीएवढे गोल. पेनाची शाई त्यावर पसरते म्हणून पेन्सिल. मी पहिला ‘अ’ गोल कागदावर काढला, म्हणून शाळेत गेल्यावर चौकोनी वही बघून मला रडू आलं होतं, हे तुम्ही सगळ्यांना हसून सांगायचात. पण या वेळी डबा उघडला आणि मी अक्षरं पाहिलीच नाहीत. मी कागद पाहिले. एकशे चाळीसच्या वर आहेत. ‘डाग पडलेले, टाकायचे,’ असं तुम्ही म्हणायचात. मी एकेक उजेडात धरून डाग शोधत बसले. बऱ्याच कागदांवर आहेत. काहींवर मला दिसले नाहीत.

मी हे करत होते, अप्पा. तुमच्या कागदांची झडती घेत होते. चोर म्हणून मला काढलं आणि मी घरी येऊन तुम्हाला त्याच जागी उभं केलं.

तेव्हा मला मोरचूद आठवला. मी सात वर्षांची असेन. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर तुम्ही मला कॉलेजात न्यायचात, बाटल्या पुसायला. त्या दिवशी मोरचुदाचा एक खडा, निळा, कोपरे धारदार, मी फ्रॉकच्या खिशात टाकला. घरी आल्यावर आईने फ्रॉक भिजवला आणि बादलीतलं पाणी निळं झालं. तुम्ही ओरडला नाहीत. आधी माझे हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेत, जीभ बाहेर काढायला लावून बघितलीत, आणि मग चप्पल घातलीत. "चल." मी म्हटलं, "खडा विरघळला." तुम्ही म्हणालात, "उरलाय तेवढा घे." उन्हात, तळ्याला वळसा घालून, आपण परत कॉलेजपर्यंत चाललो. विभागप्रमुख स्कूटरला किक मारत होते. तुम्ही मला पुढे केलंत. मी हरभऱ्याएवढा उरलेला खडा हातावर ठेवला आणि तुम्ही रस्ताभर शिकवलेलं वाक्य म्हटलं, "मी हे विचारल्याशिवाय नेलं होतं." ते हसले. "अहो, राहू द्या हो, लेकरू आहे! पोतंभर पडलंय." तुम्ही म्हणालात, "सर, पोतं कॉलेजचं आहे." त्यांना स्कूटर स्टँडवर लावून लॅब उघडावी लागली आणि तो हरभरा बाटलीत टाकावा लागला. येताना तुम्ही मला बर्फाचा गोळा घेऊन दिलात, आणि मला कळेना की ही शिक्षा आहे की बक्षीस.

आता मला सांगा, हा माणूस चिमटा उचलून आणेल का? नाही. असं मी स्वतःला सांगते आणि पाच मिनिटं बरं वाटतं. मग आठवीतली ती संध्याकाळ येते. तुमचा निवृत्तीचा दिवस. शाल, नारळ, हार घेऊन तुम्ही रिक्षाने आलात. हार देवाजवळ ठेवलात. आई पोळ्या लाटत होती. तुम्ही शर्टाच्या खिशातून, पेनाच्या शेजारून चिमटा काढलात आणि माझ्या हातात दिलात. पितळेचा, टोकं वाकडी, वजनपेटीतल्या पाकळीसारख्या चपट्या वजनांसाठी असतो तसा. तुम्ही एवढंच म्हणालात, "वजनाला हात लावायचा नाही कधी." मी तुम्हाला आभाळ निळं का इथपासून मूल कसं होतं इथपर्यंत सगळं विचारत असे. हा कुठून आणला, हे मी विचारलं नाही. मोरचुदाच्या मुलीने विचारायला हवं होतं. आणि अजून एक गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही. खिशातून काढताना तुम्ही एकदा आईकडे पाहिलंत. तिची पाठ होती.

गेल्या महिन्यात लॅबमधल्या मावशींचा फोन आला. या मावशी आमची काचेची भांडी धुतात, तळोज्याजवळच्या गावातल्या आहेत, ठेकेदाराकडून कामाला. ओरडतच बोलल्या, "पोरी, गावला गो तुजा भांडा! निकेलच्या डब्यान व्हता!" क्रुसिबल सापडलं होतं. झालं होतं ते असं. आमच्याकडे निकेलच्या साध्या मुशी असतात, दिसायला तशाच, पांढऱ्या. त्या शुक्रवारी सर उशिरा निघाले आणि जाताना मावशींना म्हणाले, टेबल साफ करून टाक. मावशींनी कोपऱ्यावरचं भांडं धुतलं, पुसलं, कागदात गुंडाळलं आणि निकेलच्या डब्यात ठेवून दिलं. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाने त्यातलं एक काढून रिकामंच तापवलं. निकेल तापलं की काळवंडतं. "यो काला पडलाच नाय," मावशी सांगत होत्या, "पोरगा घाबारला, सायबाला हाक मारली." कितीही तापवा, काळं पडत नाही म्हणे ते. तुमचं वाक्य मला फोनवर ऐकू आलं.

मी विचारलं, "मावशी, तुम्ही सरांना सांगितलंत, तुम्ही ठेवलं म्हणून?" "सांगितला तं! मना काय म्हाईत त्यो पलाटिनमचा? सायब बोलला, बगू, तू गप ऱ्हा. मी कशाला गप ऱ्हावू? आमी गरीब हाव, चोर नाय, आन तू बी नाय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पन कामावरना काडला तं दुसरीकडं बग हां माज्यासाठी." आणि आम्ही दोघी हसलो. इतक्या आठवड्यांत मी पहिल्यांदा हसले आणि ते हसू मला माझं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कंपनीच्या फोनची वाट पाहिली. बारा दिवस पाहिली. शेवटी मीच एचआरला केला. मॅडम म्हणाल्या, "हां, क्रुसिबलचा इश्यू क्लोज झालाय." क्लोज. मी विचारलं, मग मी? "पण तू रिटनमध्ये फॉल्स स्टेटमेंट दिलंस ना? चिमटा विकत घेतला म्हणून. तो वेगळा इश्यू आहे. इंटिग्रिटीचा."  मला वाटलं होतं, चोरी झालीच नव्हती हे कळलं की उलगडत उलगडत सगळं मागे जाईल, पत्र, बस, मुलाखत. तसं होत नसतं. चोरीचा आळ गेला आणि त्याच्या जागी माझी एक ओळ उभी राहिली, आणि ती मीच लिहिली होती. मॅडम अगदी वाईट नाहीत. शेवटी म्हणाल्या, "त्या चिमट्याचं काही प्रूफ असेल तर दे. कॉलेजचं लेटर वगैरे. तुझ्या फादरना ऑफिशियली दिला होता असं. मग मी केस पुट अप करते."

कॉलेजात प्रत्येक वस्तूची नोंदवही असते हे मला माहीत आहे, तुम्हीच ती दरवर्षी मे महिन्यात घेऊन बसायचात. तुटलेली, बाद झालेली वस्तू त्यात लाल शाईने काढून टाकतात आणि पुढे शेरा लिहितात. नव्या काट्यांमुळे जुन्या वजनपेट्या बाद झाल्या असतील, तर ४१७ पुढे लाल रेघ असेल, कदाचित तुमचं नावही असेल. किंवा रेघ नसेल. मग त्या वहीत चारशे सतरावी वस्तू अजून कपाटात आहे, आणि ती माझ्या हातात आहे.

आईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. "भांडं सापडलं ना? मग झालं. आता कशाला त्यांच्या मागे लागतेस?" मी म्हटलं, "कुणाच्या?" "तुझ्या बापाच्या. ज्यांना विचारायचं ते भिंतीवर आहेत. उद्या वहीत काही वेडंवाकडं निघालं तर काय करशील? फोटो उतरवशील?" मी विचारलं, "आई, त्या दिवशी ते काही बोलले होते तुला? चिमट्याबद्दल?" तिने मेथीची एक जुडी पूर्ण निवडून संपवली. मग म्हणाली, "त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट. पण रिटायर झालेला माणूस कुठे नीट जेवतो?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "पस्तीस वर्षं पुसला त्यांनी तो चिमटा." तिला माहीत असेल, किंवा नसेल. मी पुन्हा विचारलं नाही. या घरात न विचारण्याची सवय कुठून आली ते मला आता दिसतं.

मी काय करणार आहे ते तुम्हाला सांगते, कारण हे ऐकायचा हक्क तुमचा आहे. मी चिमटा रुमालात घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जाईन आणि टेबलावर ठेवीन. ती वही काढून बघा म्हणेन. लाल रेघ असेल तर पत्र मागीन. नसेल, तर चिमटा तिथेच ठेवून येईन, आणि मला पाठ असलेलं वाक्य म्हणेन, फक्त ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घालून. मग कंपनीला दुरुस्तीचा खुलासा लिहीन, वहीत जे असेल ते त्यात लिहीन. मावशींनी काय सांगितलं तेही लिहायचं का, हे त्यांना विचारून ठरवीन, विचारल्याशिवाय नाही. नोकरी परत मिळेल असं मला वाटत नाही. पण ती एक ओळ मला तिथे ठेवायची नाही.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते. रेघ असावी म्हणून मी रोज देवाला हात जोडते. आणि कधीकधी, डाग नसलेला एखादा गोल कागद हातात असताना, वाटतं की नसली तरी चालेल. कॉलेजचं पोतं कॉलेजचं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा, एकच वस्तू, पाठ फिरवलेल्या बायकोकडे बघत, माझ्यासाठी खिशात घातली असेल. हे चूक आहे. मला ते चूक वाटत नाही असं नाही. तरी मी त्या विचारापाशी जरा वेळ बसते.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. ते त्या बिस्किटांच्या डब्यात, गोल कागदांखाली ठेवीन. पण ठेवण्याआधी दुसरी एक चूक. गेल्या सोमवारी मी गेले होते, अप्पा. तळ्याला वळसा घालून, त्याच रस्त्याने. कॉलेजच्या फाटकासमोर रसाच्या गाड्यापाशी अर्धा तास उभी राहिले, रुमाल मुठीत घट्ट धरून, आणि परत आले. आईला सांगितलं की ऑफिस बंद होतं. ऑफिस उघडं होतं, शिपाई दारातच बसला होता. आईला हे आज जेवताना सांगीन. आणि आज गुरुवार. या सोमवारी, सकाळी साडेदहाला, मी आत जाईन.